नववी ते बारावी : विद्यार्थ्याच्या पुढील शिक्षणाचा आराखडा कसा तयार करावा

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत मुलाच्या शिक्षणाविषयीचा सर्वांत मोठा निर्णय दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या काही दिवसांत घेतला जातो. त्या गडबडीत टक्के पाहिले जातात, शेजारच्या मुलाने काय घेतले ते पाहिले जाते, आणि शाखा ठरते. पुढे दोन वर्षांनी लक्षात येते की हवा असलेला अभ्यासक्रम घेता येत नाही, कारण एक विषय सोडून दिला होता किंवा एक दाखला वेळेवर काढला नव्हता. म्हणून नियोजनाला नववीतच सुरुवात करावी. ‘तुला काय व्हायचे आहे?’ या प्रश्नाचे पक्के उत्तर चौदा वर्षांच्या मुलाकडून मागण्यात फारसा अर्थ नसतो. कोणत्या निर्णयामुळे पुढे काय शक्य राहते आणि काय अशक्य होते, एवढे त्याला आणि पालकांना वेळेवर दाखवून देणे हे शिक्षकाचे खरे काम आहे. पुढील टप्पे प्रामुख्याने राज्य मंडळाच्या शाळांतील वर्गशिक्षक आणि पालक यांच्यासाठी लिहिले आहेत.

पहिला टप्पा : नववीत नोंदी तपासणे

सुरुवात शाळेच्या दप्तरातून करावी. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे व आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात आणि पोटजात या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदी आधार कार्ड आणि जन्मदाखल्याशी ताडून पाहाव्यात. एका ठिकाणी ‘दत्तात्रय’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘दत्तात्रेय’, किंवा आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, एवढ्यावरूनही पुढे प्रवेशाच्या खिडकीवर प्रतिज्ञापत्र मागितले जाते. विद्यार्थी शाळेत शिकत असेपर्यंत या दुरुस्त्या मुख्याध्यापकांमार्फत करून घेता येतात. दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यानंतर हेच काम किचकट आणि वेळखाऊ होते. त्याच वर्षी विद्यार्थ्याच्या नावाने बँक खाते काढून ते आधारशी जोडून घ्यावे, कारण शिष्यवृत्तीची रक्कम आधार संलग्न खात्यातच जमा होते.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. अशा मुलांचे नूतनीकरण अर्ज दरवर्षी भरले जात आहेत ना, हेही याच वेळी पाहावे. पात्र ठरलेल्या मुलाची रक्कम केवळ अर्ज न भरल्यामुळे थांबणे ही फार वाईट गोष्ट आहे आणि ती पूर्णपणे टाळता येते.

दुसरा टप्पा : आवड आणि कुवत यांचा अंदाज घेणे

राज्य मंडळाने २०१६ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी घेण्यास सुरुवात केली होती, आणि पुढे करिअर पोर्टलसारखी साधनेही आली. अशा चाचण्यांचा उपयोग संभाषण सुरू करण्यापुरता करावा, त्यांच्या निष्कर्षाला निकालाचा दर्जा देऊ नये. ज्या मुलाने कधी कार्यशाळा, प्रयोगशाळा, वकिलाचे कार्यालय किंवा रुग्णालयाचा वॉर्ड आतून पाहिलेला नाही, त्याने प्रश्नावलीत कोणत्या चौकटीवर खूण केली यावरून त्याची आवड ठरवता येत नाही.

त्यापेक्षा वर्गाला प्रत्यक्ष काम दाखवावे. जवळच्या शासकीय आयटीआयच्या प्राचार्यांना पत्र दिले तर भेटीची परवानगी सहसा मिळते. तिथे फिटर ट्रेडची मुले सुरुवातीचे कित्येक दिवस एकच काम करताना दिसतात: लोखंडी तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, कानशीने घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरून पाहायचे, कडेखालून उजेड दिसला की पुन्हा घासायचे, आणि शेवटी व्हर्नियरने माप घ्यायचे. हे पाहताना ज्या मुलाचे हात शिवशिवतात तो मुलगा शिक्षकाला लगेच ओळखू येतो, आणि ज्याला ‘इंजिनिअर’ या शब्दाचेच आकर्षण होते त्यालाही स्वतःविषयी काहीतरी कळते. भेटीनंतर प्रत्येकाकडून अर्धे पान लिहून घ्यावे: काय आवडले, काय कंटाळवाणे वाटले, रोज आठ तास हे करता येईल का. ही पाने जपून ठेवावीत. दहावीत पालकांशी बोलताना गुणपत्रिकेपेक्षा ती जास्त उपयोगी पडतात.

तिसरा टप्पा : दहावीनंतरच्या वाटा एका कागदावर मांडणे

दहावीनंतर कला, वाणिज्य आणि विज्ञान या तीनच वाटा आहेत, हा समज अजूनही गावोगाव आहे. प्रत्यक्षात अकरावीबरोबरच तीन वर्षांची तंत्रनिकेतन (पॉलिटेक्निक) पदविका, एक किंवा दोन वर्षांचे आयटीआयचे ट्रेड आणि कृषी पदविका असे पर्याय असतात. अकरावी-बारावीत द्विलक्षी विषय घेण्याचीही सोय काही कनिष्ठ महाविद्यालयांत आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र किंवा मत्स्यव्यवसाय असा २०० गुणांचा व्यावसायिक विषय दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या जागी घेता येतो. सैन्यदलात अधिकारी होण्याची इच्छा असलेल्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, आणि २०२३ पासून मुलींसाठी अशीच संस्था नाशिकमध्ये सुरू झाली आहे. दहावीनंतर तिथे निवड झाल्यास अकरावी-बारावीबरोबर एनडीएच्या परीक्षेची तयारी करून घेतली जाते. मात्र निवड परीक्षेचा अर्ज दहावीचे वर्ष चालू असतानाच भरायचा असतो, म्हणून ही माहिती निकालानंतर देऊन उपयोग नाही.

पालकांना सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे या वाटा पुढे एकमेकींना मिळतात. दोन वर्षांचा योग्य ट्रेड आयटीआयमधून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी पात्र ठरतो. पदविका झालेला विद्यार्थी अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो, आणि तो प्रवेश पदविकेच्या गुणांवर होतो, त्यासाठी सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागत नाही. म्हणजे दहावीत ६० टक्के मिळालेला, हाताने काम करायला आवडणारा मुलगा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, मग पदविका आणि मग पदवी असा टप्प्याटप्प्याने जाऊ शकतो, आणि मध्ये कुठेही घरची अडचण आली तरी त्याच्या हातात नोकरीला उपयोगी पडणारे एक प्रमाणपत्र असते. माझ्या मते, ज्या घरात सलग सहा वर्षांच्या शिक्षणाची खात्री देता येत नाही, त्या घरासाठी ही वाट अकरावी विज्ञानापेक्षा अधिक सुरक्षित आहे. ‘हुशार मुलगा आयटीआयला कशाला?’ हा प्रश्न शिक्षकांनी तरी विचारू नये.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, हा आराखड्याचाच भाग समजावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांना असे उमेदवार घ्यावे लागतात आणि त्यांना विद्यावेतन मिळते. ट्रेड निवडतानाच आपल्या जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतींत, साखर कारखान्यांत किंवा एसटीच्या आगारात कोणत्या ट्रेडचे उमेदवार घेतले जातात, याची चौकशी करून ठेवावी.

चौथा टप्पा : विषयांची निवड

अकरावी विज्ञानात गणित सोडले तर अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र दूर जाते. जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय शाखा दूर जाते. दोन्ही विषय ठेवले तर दोन्ही शक्यता राहतात, पण अभ्यासाचा भार वाढतो. ज्या विद्यार्थ्याचा कल अजून स्पष्ट नाही आणि ज्याची दहावीतील गणिताची तयारी बरी आहे, त्याने अकरावीत दोन्ही विषय ठेवणे योग्य. ज्याला गणितात सतत मागे पडावे लागते, त्याच्यावर ‘असू दे, पुढे उपयोगी पडेल’ म्हणून ते लादू नये. औषधनिर्माणशास्त्र आणि बी.एस्सी. कृषी या दोन्ही पदव्यांना गणित गटातूनही जाता येते आणि जीवशास्त्र गटातूनही. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे असल्यामुळे ग्रामीण विद्यार्थ्यांनी हा पर्याय आवर्जून लिहून ठेवावा.

प्रत्येक विद्यार्थ्याच्या कागदावर एकाच ध्येयाकडे जाणाऱ्या किमान दोन वाटा असाव्यात. उदाहरणादाखल परिचारिका होऊ इच्छिणारी मुलगी घ्या. तिने अकरावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र घेतले तर बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी देऊन चार वर्षांच्या पदवीला जाता येते. विज्ञान झेपले नाही, किंवा तिच्या गावाजवळ विज्ञान शाखाच नसली आणि तिने कला शाखा घेतली, तरी बारावीनंतर तीन वर्षांच्या जीएनएम किंवा दोन वर्षांच्या एएनएम अभ्यासक्रमाला ती जाऊ शकते, आणि जीएनएम झाल्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही मिळवू शकते. तिच्या आईवडिलांना हे दोन्ही मार्ग कागदावर शेजारी शेजारी, कालावधी आणि खर्चासह दिसले की ‘सायन्स नाही मिळाले, आता काय?’ अशी घालमेल होत नाही.

पाचवा टप्पा : दाखले, आणि त्यांतही जात वैधता

दाखल्यांचा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि सर्वाधिक प्रवेश इथेच अडकतात, म्हणून यावर जास्त वेळ द्यावा. उत्पन्नाचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला आपले सरकार केंद्रातून किंवा सेतू कार्यालयातून काढता येतो. मे-जूनमध्ये तिथे प्रचंड गर्दी असते, त्यामुळे दिवाळीची सुट्टी ही या कामाची योग्य वेळ आहे. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांतील विद्यार्थ्यांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्रही लागते आणि त्यावर वैधतेची तारीख, बहुधा ३१ मार्च, छापलेली असते. ती प्रवेशाच्या आधीच संपत नाही ना, हे पाहावे. जेईई आणि नीटच्या अखिल भारतीय जागांसाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील ओबीसी प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते; राज्याचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हेही आधी तपासावे लागते.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवरून प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, अनिवार्य आहे. त्याचा प्रस्ताव अकरावीत असतानाच, महाविद्यालयाचे बोनाफाईड आणि प्राचार्यांचे पत्र घेऊन, जिल्हा जात पडताळणी समितीकडे दाखल करावा. अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत. या प्रकरणात पूर्वजांचा पुरावा निर्णायक ठरतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा, जातीची आणि वास्तव्याची नोंद असलेला कागद शोधायचा असतो. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकले असतील, तिथल्या जुन्या जनरल रजिस्टरातील प्रवेश-निर्गम उतारा हा सर्वांत उपयोगी कागद होय. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार आणि खरेदीखते पाहावीत. त्या जोडीला वंशावळीचे प्रतिज्ञापत्र लागते. वडील, आत्या, काका किंवा चुलतभाऊ यांपैकी कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर तिची प्रत जोडल्याने काम पुष्कळ सोपे होते, म्हणून भावकीत विचारायला संकोच करू नये.

मुदतीत प्रमाणपत्र न मिळालेल्या विद्यार्थ्यांना शासनाने अनेकदा मुदतवाढ दिली आहे हे खरे, परंतु त्या भरवशावर राहू नये. प्रस्ताव दाखल केल्याची पोचपावती मात्र जिवापाड जपावी.

सहावा टप्पा : अकरावीचा अर्ज

पूर्वी केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती इथपर्यंत मर्यादित होती. २०२५-२६ पासून ती संपूर्ण राज्याला लागू झाली. तेव्हापासून तालुक्याच्या ठिकाणी थेट महाविद्यालयात जाऊन नाव घालण्याची सवय सोडावी लागली आहे. अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागते, म्हणून ज्या महाविद्यालयात खरोखर जायचे आहे तेच पहिल्या क्रमांकावर असावे. घरापासूनचे अंतर, एसटीच्या वेळा आणि वसतिगृह यांचा विचार क्रम लावण्यापूर्वी करायचा असतो. रोज चार तास प्रवासात घालवणारी सोळा वर्षांची मुलगी नामवंत महाविद्यालयातही मागे पडते, हे पालकांना स्पष्ट सांगावे.

आणखी एक गोष्ट. काही खासगी शिकवण्या कनिष्ठ महाविद्यालयाशी संगनमत करून ‘कॉलेजला यायची गरज नाही’ असे सांगतात. अशा ठिकाणी मुलाचे प्रात्यक्षिक आणि भाषा हे दोन्ही कच्चे राहतात. तसेच वैद्यकीय शिक्षणाच्या राज्य कोट्यातील ८५ टक्के जागांसाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. बारावीसाठी मुलाला परराज्यातील शहरात पाठवण्यापूर्वी हा नियम वाचावा. सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या व्यावसायिक प्रवेशांत स्वतंत्र तरतूद आहे, ती त्या भागातील शिक्षकांनी मुलांपर्यंत पोहोचवावी.

सातवा टप्पा : बारावी आणि प्रवेश परीक्षा

बारावीच्या वर्षात दिवाळीपासूनच सीईटी सेल आणि राष्ट्रीय परीक्षा संस्था यांच्या सूचना आठवड्यातून एकदा पाहण्याची जबाबदारी घरातील एका व्यक्तीकडे द्यावी. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रश्न एकेका गुणाचे आणि गणिताचे दोन गुणांचे असतात. साधारण २० टक्के भाग अकरावीवर आणि उरलेला बारावीवर असतो, आणि चुकलेल्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. नीटमध्ये मात्र गुण वजा होतात, तेव्हा एका परीक्षेची सवय दुसरीत नेऊ नये.

सीईटी फक्त विज्ञानाच्या मुलांसाठी असते ही समजूत आता महागात पडते. विधीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला सीईटी आहेच, पण २०२४ पासून बीबीए, बीसीए आणि बीएमएस या अभ्यासक्रमांनाही ती लागू झाली. पहिल्या वर्षी अनेक वाणिज्य विद्यार्थ्यांना हे कळलेच नाही आणि पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. वाणिज्य आणि कला शाखेच्या वर्गशिक्षकांनी ही सूचना सप्टेंबरमध्येच फलकावर लावावी.

आठवा टप्पा : ऑप्शन फॉर्म आणि पैशाचा हिशेब

कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, तिच्या फेरीचा ऑप्शन फॉर्म (महाविद्यालयांचा पसंतीक्रम) भरताना मागील वर्षाचे कट-ऑफ समोर ठेवून तीन गट करावेत: मिळाले तर उत्तम अशी महाविद्यालये, मिळण्याची बरीच शक्यता असलेली, आणि जवळपास नक्की मिळणारी. क्रम मात्र आवडीनेच लावावा. वर चांगले महाविद्यालय लिहिल्याने खालचे मिळण्याची संधी कमी होत नाही. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस जागांचाही विचार करावा. या जागांवर शिक्षण शुल्क माफ असते, पण त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो. एकाच महाविद्यालयाच्या एकाच शाखेचे दोन कोड यादीत दिसतात, त्यांतील टीएफडब्ल्यूएसचा कोड आधी आणि साधा कोड त्याच्या लगेच खाली लिहावा. नुसता साधा कोड लिहिला तर ही सवलत मिळत नाही.

खर्चाचा तक्ता शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या शुल्कावरून तयार करावा, महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावरून नव्हे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ते लागू नाही. खाणावळ, वसतिगृह आणि विकास शुल्क यांचा खर्च राहतोच, तो तक्त्यात लिहावा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. महाज्योती या शासकीय संस्थेकडून ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातील विज्ञानाच्या मुलांना प्रवेश परीक्षांचे मोफत प्रशिक्षण मिळते, परंतु त्याचा अर्ज दहावीनंतर लगेच करायचा असतो.

प्रवेश निश्चित झाला की बरीच कुटुंबे निर्धास्त होतात आणि महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहून जातो. तो अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या लॉगिनमधून भरावा, त्याचा पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक सायबर कॅफेवाल्याचा नसावा, आणि महाविद्यालयाच्या लिपिकाने अर्ज पुढे पाठवला आहे का हे दर पंधरवड्याला पाहावे. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा असतो. त्यासाठी मागील वर्षाची गुणपत्रिका लागते, आणि मुदतीत असलेला उत्पन्नाचा दाखला हाताशी असावा.